आन्सर फाइल तीस मशीनवर चालवण्याआधी

दादरच्या क्लासची लॅब असो की अंधेरीतलं ऑफिस, तीस मशीनवर विंडोज टाकायचं तर प्रत्येक पडद्यावर ‘नेक्स्ट’ दाबत बसायला कुणालाच वेळ नसतो. सगळी उत्तरं आधीच भरून ठेवलेली आन्सर फाइल ते काम करते. पण हीच फाइल न विचारता डिस्क पुसते, आणि तिच्यात चूक राहिली तर तीच चूक तीसही मशीनवर होते. म्हणून फाइल लिहिण्यापेक्षा जास्त वेळ ती तपासायला ठेवा. इथे मुख्यतः विंडोज ११ बद्दल लिहिलं आहे, शेवटी थोडं लिनक्सचं.

पहिली चाळणी म्हणजे विंडोज एडीकेमधला (मायक्रोसॉफ्टच्या इन्स्टॉलेशनच्या साधनांच्या संचातला) सिस्टम इमेज मॅनेजर. त्यात ज्या मीडियावरून इन्स्टॉल करणार त्याचीच डब्ल्यूआयएम इमेज, म्हणजे विंडोजच्या फाइलींचा गठ्ठा, उघडा (हाती तो ईएसडी या जास्त दाबलेल्या रूपात असेल तर आधी विंडोजच्या डिझम कमांडने बदलून घ्या) आणि टूल्स मेनूतून फाइल व्हॅलिडेट करा. चुकीचं नाव, न चालणारी किंमत (व्हॅल्यू) इथे लगेच दिसते. कुठली डिस्क पुसली जाणार, हे मात्र त्याला कळत नाही. जुन्या फाइलमधून उचललेल्या कंपोनंटवर (सेटिंग्जच्या गटावर) आर्किटेक्चर ‘एक्स८६’ म्हणजे ३२ बिट राहिलं असेल तर ६४ बिट सेटअप तो भाग गुपचूप सोडून देतो, एरर येत नाही. एखादी सेटिंग ‘लागतच नाही’ अशी तक्रार असेल तर आधी तिथे बघा.

पुढचं काम व्हर्च्युअल मशीनवर, म्हणजे सॉफ्टवेअरने चालवलेल्या नकली कॉम्प्युटरवर. त्यासाठी विंडोजचं हायपर-व्ही असेल तर जनरेशन २ घ्या. जनरेशन १ जुन्या बायोसवर चालतं, त्यावर यूईएफआय या नव्या फर्मवेअरची पार्टिशन (डिस्कचे भाग) तपासून उपयोग नाही. ४ जीबी रॅम, ६४ जीबी डिस्क, टीपीएम (सुरक्षेची चिप) आणि सिक्युअर बूट चालू. व्हर्च्युअलबॉक्समध्ये टीपीएम हवा तर आवृत्ती ७ किंवा पुढची. आन्सर फाइल एका छोट्या आयएसओच्या (सीडीची प्रत असलेल्या फाइलच्या) रूटवर, म्हणजे कुठल्याही फोल्डरबाहेर, ठेवून दुसरी सीडी म्हणून जोडा, म्हणजे फाइल बदलली की विंडोजचा मोठा आयएसओ पुन्हा बनवावा लागत नाही. डिस्क कोरी असतानाच स्नॅपशॉट (मशीनच्या त्या क्षणाची प्रत) घ्या आणि प्रत्येक चाचणीआधी तिथे परत जा. एका वेळी एकच बदल करा. तीन बदल एकदम केले तर बिघडवलं कुणी, हे शोधण्यात दुपार जाते.

आता डिस्क. इथे घाई नको. कोऱ्या डिस्कवर चाललेली फाइल लॅबमध्ये अडकते, कारण लॅबच्या मशीनवर जुनं विंडोज, रिकव्हरी पार्टिशन, सगळं आधीपासून असतं. ‘विल वाइप डिस्क’ ही डिस्क पुसायची सेटिंग फॉल्स म्हणजे बंद राहिली असेल तर कोऱ्या डिस्कवर काहीच जाणवत नाही, भरलेल्या डिस्कवर मात्र पार्टिशन बनवताना सेटअप थांबतो. म्हणून दुसरा स्नॅपशॉट विंडोज आधीच टाकलेल्या डिस्कचा ठेवा. शिवाय व्हर्च्युअल मशीनला दुसरी डिस्क जोडा, तिच्यात चार फाइली टाका आणि इन्स्टॉल झाल्यावर त्या जागेवर आहेत का ते पाहा.

खऱ्या मशीनवर एनव्हीएमई एसएसडी आणि डेटाची हार्ड डिस्क दोन्ही असतील तर ‘डिस्क ०’ कोणती, हे गृहीत धरू नका. आन्सर फाइल नसलेल्या पेन ड्राइव्हवरून बूट करा, शिफ्ट आणि एफ१० दाबा, डिस्कपार्ट उघडून ‘लिस्ट डिस्क’ द्या आणि आकारावरून ओळखा. दोन मशीनवर क्रम वेगळा निघाला तर डेटा डिस्कची केबल काढून ठेवा, नाहीतर फाइलमधून डिस्कचा भागच वगळा. मग सेटअप तिथे थांबून विचारतो, मशीनमागे एक मिनिट जातं, पण कुणाचा डेटा जात नाही.

भाषेच्या सेटिंग्जमध्ये आपल्याकडे हमखास गोंधळ होतो. ‘यूजर लोकेल’ (तारीख, आकडे दाखवायची पद्धत) मराठी चालतं. ‘सिस्टम लोकेल’ (युनिकोड नसलेल्या जुन्या प्रोग्रॅमसाठीची भाषा) मराठी चालत नाही, कारण विंडोजसाठी मराठी ही फक्त युनिकोडवाली भाषा आहे. तिथे इंग्रजी इंडिया ठेवा. इनपुटच्या यादीत इंग्रजी कीबोर्ड आधी, मराठी नंतर. मराठी आधी आला तर लॉगिनच्या पडद्यावर पासवर्ड देवनागरीत पडतो, आणि टिंबांआड ते दिसत नसल्याने पासवर्डच चुकला असं वाटतं. टाइम झोनच्या यादीत मुंबईचं नाव दिसत असलं तरी फाइलमध्ये ‘इंडिया स्टँडर्ड टाइम’ हेच लिहायचं.

कॉम्प्युटरचं नाव १५ अक्षरांच्या आत हवं. शहर, शाखा, लॅब, नंबर असं सगळं कोंबलं की ते हमखास पुढे जातं आणि सेटअप स्पेशलाइझ पासमध्ये (सेटअपच्या एका टप्प्यात) अडतो. ठरावीक नाव एका मशीनवर छान चालतं, दुसरं त्याच नेटवर्कवर आलं की भांडण. तिथे फुली म्हणजे ॲस्टेरिस्क (*) टाकली की विंडोज स्वतः नाव देतं. दोन व्हर्च्युअल मशीन एकाच वेळी लावून हे तपासा.

सेटअप अडला तर एरर कुठल्या पासचा आहे ते टिपून घ्या. सुरुवातीचे लॉग (सेटअपच्या नोंदी) एक्स या सेटअपपुरत्या तात्पुरत्या ड्राइव्हवर विंडोजमधल्या पँथर फोल्डरमध्ये असतात, नंतरचे सी ड्राइव्हवर त्याच नावाच्या फोल्डरमध्ये, आणि शेवटच्या टप्प्याचे त्यातल्या अनअटेंडजीसीत. आधी सेटअपएररचा लॉग वाचा, मग त्याच वेळेच्या ओळी सेटअपॲक्टमध्ये शोधा.

यानंतर लॅबमधल्या प्रत्येक मॉडेलचं एकेक खरं मशीन घ्या. व्हर्च्युअल मशीनवर न दिसणाऱ्या गोष्टी इथे निघतात. इंटेलचं व्हीएमडी (डिस्क हाताळायची सोय) चालू असेल तर अनेक लॅपटॉपवर ड्रायव्हरशिवाय डिस्कच दिसत नाही. कंपनीकडून विंडोज होम घालून आलेल्या मशीनच्या फर्मवेअरमध्ये प्रॉडक्ट की असते, ती एडिशन परस्पर ठरवू शकते. त्यामुळे प्रो टाकायचं असेल तर फाइलमध्ये की स्पष्ट द्या. बूट ऑर्डर कायमची बदलू नका, त्या वेळेपुरता बूट मेनू वापरा. पेन ड्राइव्ह पहिल्या नंबरवर राहिली तर रीस्टार्टनंतर सेटअप नव्याने सुरू होऊन आत्ताच टाकलेलं विंडोज पुन्हा पुसू शकतो.

लिनक्सला वेगळी हत्यारं. डेबियनची आन्सर फाइल म्हणजे प्रीसीड, ती डेबकॉन्फ-सेट-सिलेक्शन्सच्या सी पर्यायाने तपासता येते, फेडोरा, रेड हॅटची किकस्टार्ट फाइल केएस-व्हॅलिडेटरने. प्रीसीडमध्ये प्रकार आणि किंमत यांच्यात एकच स्पेस हवी. दुसरी पडली तर ती किंमतीचाच भाग होते आणि डोळ्यांना दिसतही नाही. उबुंटूच्या ऑटोइन्स्टॉल फाइलमध्ये टॅब चालत नाही, ड्राइव्हवरून द्यायची तर लेबल ‘सीआयडेटा’ आणि सोबत रिकामी का होईना मेटा-डेटा फाइल लागते. टाइम झोन ‘एशिया/कोलकाता’. ‘एशिया/मुंबई’ असा झोनच नाही.

काम झालं की पेन ड्राइव्ह मोजून परत घ्या. आन्सर फाइलमधला पासवर्ड ‘लपवला’ तरी तो फक्त वेगळ्या रूपात लिहिलेला असतो, कुणीही उलगडू शकतं. आणि अशी विसरलेली पेन ड्राइव्ह लावून कुणी मशीन चालू केलं, तर ती कुणालाही न विचारता तेच काम पुन्हा करू शकते.