लॉन आणि बागेसाठी गांडूळखत: उन्हाळ्यात ढीग लावा, पावसाच्या तोंडावर खत काढा

पावसाळ्याच्या सुरुवातीला लॉनवर गांडूळखत पसरायचे असेल तर तयारी किमान 80 ते 85 दिवस आधी सुरू करावी लागते. पहिले 20-25 दिवस ढीग तापवण्याचे, पुढचे 60 दिवस गांडुळांचे. पहिला टप्पा गाळून कचरा थेट वाफ्यात टाकण्याकडे बहुतेकांचा कल असतो. कुंड्यांपुरते खत हवे असेल तर ते एक वेळ चालून जाते, लॉनला मात्र ते चांगलेच महाग पडते. कारण सरळ आहे: गांडुळांचा वाफा थंड असतो. गांडुळाच्या पोटातून जाताना थोड्या बिया मरतात, पण बऱ्याचशा जिवंत राहतात. तणाच्या बिया असलेले खत लॉनवर पसरणे म्हणजे आपल्याच हाताने तण पेरणे. बिया आणि रोगजंतू उष्णतेने मरतात, आणि ती उष्णता फक्त तापत्या ढिगात मिळते.

आधी ढीग तापवा

ढीग 1 मीटर लांब, 1 मीटर रुंद आणि 1 मीटर उंच, यापेक्षा लहान नको. लहान ढिगातली उष्णता बाजूंनी निघून जाते आणि आत फक्त कोमट राहते. आकारमानाने 3 पाट्या बारीक केलेला कोरडा पाला, 1 पाटी ताजे कापलेले गवत आणि 1 पाटी शेण हे प्रमाण बहुतेक वेळा जमते. यातून कर्ब आणि नत्र यांचे गुणोत्तर 25 ते 30 च्या आसपास येते. शेण नसेल तर गवत दोन पाट्या घ्या, पण पाल्यात नीट मिसळून. कापलेल्या गवताचा नुसता जाड थर दिला की तो चपातीसारखा दबतो, हवा बंद होते आणि दोन दिवसांत आंबूस वास सुटतो.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी आतले तापमान 55 ते 65 अंश सेल्सिअसपर्यंत चढायला हवे. लांब दांड्याचा थर्मामीटर असेल तर उत्तम. नसेल तर लोखंडी सळई ढिगाच्या मध्यापर्यंत खुपसा आणि 10 मिनिटांनी बाहेर काढा. मुठीत धरवली नाही तर ढीग तापला आहे. धरून ठेवता आली तर बहुधा पाणी कमी आहे किंवा हिरवा माल कमी आहे. 65 च्या वर जाऊ लागले तर लगेच पलटा, कारण तिथून पुढे कुजवणारे सूक्ष्मजीवही मरू लागतात.

दर 3 दिवसांनी ढीग पलटायचा आणि बाहेरचा माल आत, आतला बाहेर जाईल असे पाहायचे. 15 दिवसांत असे निदान पाच वेळा झाले पाहिजे, तरच कडेच्या बियांनाही चटका बसतो. त्यानंतर ढीग पलटूनही पुन्हा तापेनासा झाला, हाताला थंड लागू लागला, की माल गांडुळांसाठी तयार होत आला. तरी सगळी गांडुळे एकदम सोडू नका. एका डब्यात हा ओला माल घेऊन वर 10-15 गांडुळे ठेवा. सकाळी ती आत शिरून शांत असतील तर माल चालेल. डब्याच्या काठावर चढली असतील तर आणखी आठवडाभर थांबा.

कोणते गांडूळ

खत करणारी गांडुळे आणि जमिनीत बिळे करणारी गांडुळे वेगळी. बागेत खणताना सापडणारे फिकट, राखाडी गांडूळ वाफ्यात टाकून उपयोग नाही. ते माती खाऊन जगते, कुजत्या पाल्यात रमत नाही. आपल्याला पृष्ठभागावर राहणारी जात हवी. आयसेनिया फेटिडा (लालसर, अंगावर पिवळसर पट्टे) सर्वांत सोशिक. 15 ते 25 अंशांत ती उत्तम खाते, 30 च्या वर मंदावते आणि 35 ला मरू लागते. युड्रिलस युजेनी आकाराने मोठी, खाते भरपूर, पण थंडी तिला सोसत नाही आणि जागा बिघडली की पळूनही लवकर जाते. पहिल्यांदा करणाऱ्याने आयसेनियाच घ्यावी.

खत करणारी गांडुळे लॉनमध्ये सोडून जमीन सुधारते असा एक समज आहे. त्यात पैसे घालवू नका. कुजता पाला संपला की ती जगत नाहीत.

वाफा, आणि त्याचा हिशेब

किती मोठा वाफा लागेल हे लॉनवरून ठरवा. चांगल्या स्थितीत 1 किलो गांडुळे रोज सुमारे अर्धा किलो अर्धवट कुजलेला माल खातात. 1 चौरस मीटर वाफ्यात 3 किलो गांडुळे असतील तर दिवसाला दीड किलो, म्हणजे 60 दिवसांत साधारण 90-100 किलो माल संपतो आणि त्यातून जवळपास 50 किलो खत मिळते. लॉनवर 3 मिलिमीटरचा थर द्यायला दर चौरस मीटरला 3 लिटर, वजनाने पावणेदोन ते दोन किलो खत लागते. म्हणजे 25 चौरस मीटर लॉनला 1 चौरस मीटर वाफा पुरतो. गांडुळे निम्मी असतील तर वेळ दुप्पट धरा. त्यांची पिल्ले वाढतात हे खरे, पण पहिल्या दोन महिन्यांत त्यांचा भरवसा धरू नये.

वाफा दिवसभर सावलीत हवा. वर छप्पर असेल तर ते कडेला अर्धा मीटर तरी बाहेर काढा, नाहीतर पहिल्या वळवाच्या पावसात तिरकी सर आत येईल. तळाला थोडा उतार आणि पाणी निघायला भोक. तळाशी 8 सेंटिमीटर जाड काटक्या किंवा नारळाचा काथ्या, त्यावर 10 सेंटिमीटर भिजवून निथळलेला पाला. मग गांडुळे उजेडात वर पसरा, ती आपणहून खाली जातात. तासाभरानेही वरच राहिलेली, न हलणारी गांडुळे उचलून टाका. पहिल्या तीन-चार रात्री वाफ्यावर एक दिवा चालू ठेवावा. नवी जागा न आवडल्याने गांडुळे रात्री बाहेर पडतात, उजेड असला की थांबतात.

दुसऱ्या दिवसापासून माल द्यायचा, तो 5 सेंटिमीटर थराने. एवढा एक थर 1 चौरस मीटरवर साधारण 25 किलोचा होतो आणि तो पंधरा दिवस पुरतो. एकदम अर्धा मीटर भरण्याचा मोह टाळा. अर्धवट कुजलेला माल जाड थरात पुन्हा तापतो, आणि थंड झाल्यासारखा वाटणारा वाफा आतून 40 अंशांवर गेलेला असतो. पातळ थर तापत नाही, आणि बिघाड झालाच तर गांडुळांना खालच्या जुन्या थरात पळायला जागा राहते. उरलेला माल सावलीत झाकून ठेवा.

उन्हाळ्यातले पाणी

गांडूळ कातडीने श्वास घेते, आणि कातडी ओली असेल तरच. त्यामुळे ओलावा 70 ते 80 टक्के लागतो. तपासायची रीत: वाफ्याच्या वरच्या थराखालचा मूठभर माल घट्ट पिळा. बोटांच्या फटीतून दोन-चार थेंब आले तर बरोबर. धार लागली तर जास्त. मूठ उघडल्यावर गोळा लगेच विस्कटला तर पाणी हवे.

बादलीने ओतू नका, झारीने द्या, आणि एकदा भरपूर देण्यापेक्षा सकाळ-संध्याकाळ थोडे थोडे द्या. वर ओले गोणपाट कायम हवे. वारा लागून गोणपाटाचे पाणी उडते तेव्हा खालचा माल थंड राहतो, म्हणून वाफ्याभोवती प्लास्टिकची बंद भिंत उभारू नका. क्लोरीन घातलेले नळाचे पाणी उघड्या भांड्यात दिवसभर ठेवून मग वापरा.

पाऊस सुरू झाला की उलटे करायचे. पाणी बंद, गोणपाट कोरडे, तळाचे भोक साफ. वाफ्यात पाणी साचले की गांडुळे एका रात्रीत निघून जातात.

काय बिघडते

वाफ्यात मुंग्या दिसल्या तर तो कोरडा पडला आहे. पावडर मारू नका, ती गांडुळांनाही मारते. वाफा ओला करा, पाय असतील तर ते पाण्याच्या वाटीत ठेवा, जमिनीवर असेल तर भोवती पाण्याची चारी करा. लहान लाल कोळी वरच्या थरात वाढले तर ओल आणि आम्लता जास्त आहे. पाणी थांबवा, कोरडा पाला मिसळा आणि अंड्याच्या टरफलांची बारीक पूड मूठभर भुरभुरा. चिलटे म्हणजे माल उघडा राहतो आहे. सडका वास आला तर आत हवा नाही: हाताने वा लहान पंजाने हलका माल सैल करा, फावडे घालू नका.

एक गोष्ट मात्र जवळून पाहून ओळखावी लागते. गांडूळ जागोजागी आवळल्यासारखे, मण्यांची माळ दिसावी असे फुगीर-बारीक झालेले, हालचाल वेडीवाकडी. हे धान्य, पेंड किंवा पिठासारखा प्रथिनांचा माल जास्त घातल्याने होते. तो आंबून तयार होणारे आम्ल आणि वायू गांडुळाला आतून इजा करतात. अशी गांडुळे वाचत नाहीत. राहिलेली लगेच स्वच्छ ओल्या पाल्यात हलवा आणि आंबलेला माल काढून टाका. मांस, तेल, दूध, खारट किंवा शिजवलेले अन्न, लिंबूवर्गीय साली, कांदा, मिरची यांपैकी काहीही वाफ्यात जाऊ नये. ताजे शेणही नको. ते तापते आणि त्यातल्या मूत्राचा अमोनिया गांडुळांना सोसत नाही. जनावराला नुकतेच जंतनाशक दिले असेल तर त्याचे शेण तापत्या ढिगातच जाऊ द्या.

लॉनवाल्यांनी याहून जास्त सावध राहायचे ते तणनाशकापासून. क्लोपायरालिड आणि अमिनोपायरालिड ही रुंद पानांच्या तणांवरची औषधे गवतात महिनोन्महिने टिकतात. ते गवत खाल्लेल्या जनावराच्या शेणातही उतरतात, आणि ढीग तापला तरी पुरती नाहीशी होत नाहीत. गांडुळे मजेत खातात, खत दिसायला झकास होते, आणि मग टोमॅटोची पाने वाटीसारखी वळतात. गवताचा किंवा शेणाचा इतिहास माहीत नसेल तर खत वापरण्याआधी चाचणी घ्या. तीन कुंड्यांत खत व माती निम्मे-निम्मे, तीन कुंड्यांत नुसती माती, सगळीकडे घेवड्याचे बी. दोन-तीन आठवड्यांत खरी पाने येतात. फक्त खताच्या कुंड्यांत पाने आकसली, देठ पिळले, तर ते खत भाजी आणि फुलझाडांना देऊ नका.

खत काढणे

माल चहाच्या भुकटीसारखा काळपट आणि दाणेदार झाला, पान-काडी ओळखू येईना, पहिल्या पावसासारखा मातीचा वास आला, की झाले. चार-पाच दिवस पाणी बंद करा. मग खत उजेडात शंकूच्या आकाराच्या ढिगात घाला. गांडुळे उजेड टाळून खाली सरकतात. वरचे खत थोडे थोडे काढत जा, शेवटी तळाशी गांडुळांचा गुंता उरतो, तो नव्या वाफ्यात.

चाळताना घाई करू नका. चाळणीवर राहिलेल्या चुऱ्यात लिंबाच्या आकाराचे, फिकट पिवळे ते तपकिरी, 3-4 मिलिमीटरचे दाणे असतात. ते कोष आहेत. आयसेनियाच्या एका कोषातून सरासरी दोन-तीन पिल्ले निघतात, साधारण तीन-चार आठवड्यांनी, आणि पुढच्या सहा-आठ आठवड्यांत ती अंडी घालण्याजोगी होतात. चुरा फेकला तर पुढची पिढी गेली. तो नव्या वाफ्यावर टाका.

खत सावलीत थोडे सुकवून हवा खेळणाऱ्या पोत्यात ठेवा. उन्हात कडक वाळवलेल्या खतात जिवाणू मरतात, आणि ओले खत प्लास्टिकमध्ये बंद केले की सडते.

वाफ्याखाली ठिबकणारे तपकिरी पाणी म्हणजे व्हर्मीवॉश (गांडुळांच्या तयार खतातून पाणी झिरपवून मुद्दाम काढलेला अर्क) नव्हे. तो निचरा आहे, अर्धवट कुजलेला. 10 पट पाणी घालून फुलझाडांच्या मुळाशी द्यायला हरकत नाही, पालेभाजीवर फवारू नका. आणि तो रोज बादलीभर येत असेल तर वाफ्याला पाणी जास्त होते आहे.

कुठे किती

कुंडीच्या मिश्रणात आकारमानाने 10 ते 20 टक्के. त्याहून जास्त घातल्याने झाड जास्त वाढत नाही, मोठ्या प्रमाणात क्षार वाढून उलट खुंटते. फुलांच्या वाफ्यात दर चौरस मीटरला 1 ते 2 किलो, वरच्या 10 सेंटिमीटर मातीत मिसळून. गांडूळखतात नत्र साधारण 1 ते 2 टक्केच असते, तेव्हा भुकेल्या लॉनला फक्त यावर ठेवू नका.

लॉन आधी नेहमीपेक्षा थोडे आखूड कापा, तुडवलेल्या जागी काट्याने 8-10 सेंटिमीटर खोल भोके पाडा. 4 मिलिमीटरच्या चाळणीतून काढलेले कोरडसर खत पसरा आणि खराट्याच्या पाठीने गवताच्या बुडाशी ढकला. पाती वर दिसलीच पाहिजेत. झाकली गेली तर आठवड्यात पिवळी पडतात. मुसळधार पावसाच्या आदल्या दिवशी हे काम नको, खत उताराने वाहून जाते. रिमझिम असेल तर झारीचेही काम उरत नाही.

पाऊस लागल्यावर लॉनवर मातीच्या लहान ढेकळ्या दिसू लागतात. ती तिथल्या जमिनीतल्या गांडुळांची विष्ठा. ओली असताना चेपू नका, त्यावर तण रुजते. वाळली की खराट्याने झटका.