शाळा उघडायच्या आधी शेवटच्या बाकावर बसून बघा
टाइमटेबल, अ‍ॅडमिशनच्या याद्या हे सगळं ऑफिसात बसून होतं हो, पण शाळा सुरू व्हायच्या निदान 10 दिवस आधी हातात वही घेऊन प्रत्येक वर्गात जाऊन या, आणि नुसतं दारातून डोकावून नाही, शेवटच्या बाकावर बसून फळा नीट दिसतो का बघा, पंखे लावा, नळ सोडून बघा. बाक मोजून पटाशी ताडून घ्या, नाहीतर नेमकी पहिल्याच दिवशी चार पोरं भिंतीला टेकून उभी. किल्ल्यांना लेबलं लावा (हे सगळेच विसरतात!). आणि पालकांचे मोबाइल नंबर जुन्या रजिस्टरवरून तसेच उतरवू नका, दोन-चार लावून बघा, किती बंद पडलेत ते लगेच कळेल.