चाळिशीनंतर वाढलेली अर्धशिशी आणि एमआरआयमधले पांढरे ठिपके

चाळिशी ओलांडल्यावर ज्यांची अर्धशिशी पूर्वीपेक्षा वरचेवर उठू लागते, त्यांनी सर्वप्रथम एक वही घालावी आणि तिच्यात डोके दुखलेला प्रत्येक दिवस, पाळीची तारीख, झोप, उपवास आणि घेतलेली प्रत्येक गोळी न चुकता लिहावी. रजोनिवृत्तीपूर्वीच्या वर्षांत इस्ट्रोजेन या स्त्री-संप्रेरकाची पातळी सतत खालीवर होत असते आणि ती एकाएकी घसरली की दुखणे उठू शकते. मात्र पाळीच अनियमित झाल्याने हा संबंध नुसत्या आठवणीवर उलगडत नाही.

वहीतला गोळ्यांचा रकाना मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. पॅरासिटामॉल किंवा आयबुप्रोफेनसारखी साधी वेदनाशामके महिन्यातून १५ किंवा अधिक दिवस, आणि ट्रिप्टान गटातली (अर्धशिशीचा उठलेला झटका थांबवणारी) किंवा मिश्र औषधे १० किंवा अधिक दिवस, अशी ३ महिन्यांहून जास्त काळ घेतली गेली, तर ती औषधेच डोकेदुखी टिकवून धरू लागतात. ती कमी करताना सुरुवातीला दुखणे वाढू शकते, त्यामुळे हे काम डॉक्टरांच्या देखरेखीखालीच करावे. झटके येऊच नयेत म्हणून दिले जाणारे प्रतिबंधक औषध बहुधा रोज घ्यावे लागते आणि त्याचा गुण दिसायला साधारण २ ते ३ महिने जातात. दमा असल्यास प्रोप्रॅनोलॉल हे प्रतिबंधक औषध आणि हृदयविकार असल्यास ट्रिप्टान टाळतात, म्हणून जुने आजार आपणहून सांगावेत. झटक्यापूर्वी डोळ्यांपुढे नागमोडी रेषा चमकत असतील, तर इस्ट्रोजेनयुक्त गर्भनिरोधक गोळ्यांविषयी अवश्य विचारावे, कारण अशा अर्धशिशीत त्या गोळ्यांनी पक्षाघाताचा धोका वाढतो.

एमआरआयने अर्धशिशीचे निदान होत नाही. दुखण्यामागे दुसरे काही कारण तर नाही ना, एवढेच त्यातून पाहिले जाते. अहवालात ‘व्हाइट मॅटर हायपरइन्टेन्सिटी’ हे शब्द वाचून अनेकांची झोप उडते, आणि ती भीती मी समजू शकते. मेंदूच्या आतल्या भागात फ्लेअर प्रकारच्या चित्रांवर दिसणारे हे बारीक पांढरे ठिपके अर्धशिशी असलेल्यांत तुलनेने अधिक आढळतात. वय, रक्तदाब, मधुमेह आणि तंबाखू यांमुळेही ते वाढतात. पुढे ‘नॉनस्पेसिफिक’ लिहिले असेल, तर केवळ चित्रावरून त्यांचे एकच कारण ठरवता येत नाही, असा त्याचा अर्थ. ठिपक्यांचे प्रमाण सांगणारी ‘फाझेकास’ श्रेणी ० ते ३ अशी असते आणि त्यातली १ म्हणजे तुरळक ठिपके. ‘नो डायफ्युजन रिस्ट्रिक्शन’ म्हणजे ताज्या पक्षाघाताची खूण दिसली नाही. सायनसच्या अस्तराची किंचित सूज तर पुष्कळ अहवालांत असते आणि अर्धशिशीचे खापर बहुधा विनाकारण तिच्यावर फुटते. ठिपके दिसले म्हणून मेंदूसाठी शक्तिवर्धक औषधे शोधण्यापेक्षा रक्तदाब, साखर आणि कोलेस्टेरॉल तपासून घेणे अधिक उपयोगाचे आहे.

मात्र क्षणार्धात टोकाला पोचलेली असह्य डोकेदुखी, तापासोबत ताठरलेली मान, बोबडी वळणे, एका बाजूचा अशक्तपणा किंवा शुद्ध हरपणे यांत वही आणि अहवाल बाजूला ठेवून तात्काळ रुग्णालय गाठावे. पन्नाशीनंतर प्रथमच डोकेदुखी सुरू झाली आणि सोबत कानशील दुखत असेल किंवा चावताना जबडा भरून येत असेल, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. कानशिलाच्या रोहिणीला सूज आल्यास उपचारातल्या विलंबाने दृष्टी जाऊ शकते. एरवी न्यूरॉलॉजिस्टकडे जाताना वही, अहवाल आणि मूळ चित्रांची सीडी सोबत न्यावी, आणि जुना एमआरआय असल्यास तोही, कारण ठिपके वाढले की तेवढेच आहेत हे दोन्ही शेजारी ठेवल्यावरच कळते.