डिस्चार्ज बुकात राहून गेलेले पदक: माजी सैनिकाच्या सेवा अभिलेखात नोंद कशी करून घ्यावी

पदक मिळवतो सैनिक, पण ते कागदावर चढवण्याचे काम असते पलटणीच्या कारकुनाचे. लढाई संपते, पलटण दुसरीकडे हलते, कारकुनाची बदली होते, सैनिक पेन्शनीवर घरी येतो आणि कित्येक वर्षांनी डिस्चार्ज बुक (सेवेतून मुक्त होताना मिळणारे सेवेच्या नोंदींचे पुस्तक) उघडल्यावर लक्षात येते की पश्चिमी स्टार किंवा हाय अल्टिट्यूड मेडल तिथे नाहीच. ही नोंद नंतरही करून घेता येते. त्यासाठी वकील लागत नाही, दलाल तर मुळीच लागत नाही. योग्य कार्यालयाकडे, नेमकी मागणी, पुराव्यासह करावी लागते. बहुतेक अर्ज अडतात ते मागणी मोघम असल्यामुळे. "इतकी वर्षे देशसेवा केली, माझी मेडल मिळावीत" एवढ्याच मजकुरावर रेकॉर्ड ऑफिसातला (सैनिकांचे सेवा अभिलेख ठेवणाऱ्या कार्यालयातला) माणूस, त्याची कितीही इच्छा असली तरी, काही करू शकत नाही.

पुढची माहिती मुख्यतः भूदलातील जवान आणि जेसीओ (ज्युनिअर कमिशन्ड ऑफिसर) यांच्यासाठी आहे. नौदल, हवाईदल आणि अधिकारी यांचे पत्ते वेगळे, रीत साधारण हीच.

पहिली पायरी: नेमके काय राहिले ते ठरवा

"मेडल मिळाले नाही" या एका तक्रारीत तीन वेगळ्या गोष्टी असू शकतात.

पदकाची नोंद मूळ अभिलेखात आहे, पण डिस्चार्ज बुकात उतरवायची राहिली. हे सर्वांत सोपे; फक्त नक्कल सुधारायची आहे.

नोंद दोन्हीकडे आहे, पण धातूचे पदक हातात पडले नाही. इथे दुरुस्तीचा प्रश्नच नाही, पदक पाठवण्याची मागणी करायची. पदके तयार होऊन येण्यात वर्षानुवर्षे जातात, त्यामुळे असंख्य सैनिक कँटीनजवळच्या दुकानातून विकत घेतलेली प्रत लावून निवृत्त झाले. सरकारी पदकाच्या कडेवर नंबर, नाव आणि पलटण कोरलेली असते. कड कोरी असेल तर तुमच्याकडचे पदक बहुधा बाजारचे आहे.

तिसरी गोष्ट खरी अवघड: पात्रता होती, पण नोंदच झाली नाही. या लेखाचा बराचसा भाग याच प्रकारासाठी आहे.

तुमचे प्रकरण यातले कुठले, हे पार्ट टू ऑर्डरवरून कळते. सैनिकाची बदली, बढती, लग्न, मूल, जखम, पदक, असे जे काही घडते ते पलटण पार्ट टू ऑर्डरमध्ये प्रसिद्ध करते. ती रेकॉर्ड ऑफिसला जाते आणि तिच्यावरून शीट रोलमध्ये, म्हणजे सैनिकाच्या मूळ सेवा अभिलेखात, नोंद चढते. डिस्चार्ज बुक ही शेवटी शीट रोलवरून उतरवलेली नक्कल असते. म्हणून डिस्चार्ज बुकात नाही म्हणजे पदक नाही, असे समजू नका. आणि पार्ट टू ऑर्डर निघालेलीच नसेल, तर नुसते डिस्चार्ज बुक दुरुस्त करा म्हणून भागणार नाही. आधी ती ऑर्डर काढून घ्यावी लागेल.

दुसरी पायरी: पात्रता स्वतः ताडून पाहा

प्रत्येक पदकाला ठरलेला काळ, ठरलेला भाग आणि बहुतेकदा ठरलेले दिवस असतात. सामान्य सेवा पदक 1947 ला मोहिमेप्रमाणे वेगवेगळे क्लास्प (रिबनवरची मोहिमेच्या नावाची पट्टी) आहेत. 1961 च्या गोवा मुक्तीतील सैनिकांसाठी 'गोवा 1961' हा त्यातलाच. सैन्य सेवा पदकासाठी ठरावीक भागात एकूण एक वर्ष सेवा लागते. हाय अल्टिट्यूड सर्व्हिस मेडलसाठी 2,700 मीटरच्या, म्हणजे सुमारे 9,000 फुटांच्या वर 180 दिवस. दीर्घ सेवेची पदके 9, 20 आणि 30 वर्षांची. स्वातंत्र्याच्या पंचविसाव्या वर्धापनदिनाचे पदक 15 ऑगस्ट 1972 रोजी आणि पन्नासाव्याचे 15 ऑगस्ट 1997 रोजी सेवेत असलेल्यांना. या शेवटच्या दोन नोंदी राहून जाण्याचे प्रमाण बरेच आहे, कारण त्या तारखेनंतर लवकरच निवृत्त झालेल्यांची नावे यादीत जाईपर्यंत माणूस घरी पोचलेला असे. त्या दिवशी हजेरीवर असणे एवढीच मुख्य अट असल्यामुळे ही दुरुस्ती सोपीही आहे.

सर्वांत जास्त गोंधळ होतो तो स्टार आणि मेडल यांच्यात. 1971 मध्ये प्रत्यक्ष लढाईच्या क्षेत्रात असलेल्यांना पूर्वी किंवा पश्चिमी स्टार, आणि अधिक विस्तृत क्षेत्रात सेवेत असलेल्यांना संग्राम मेडल. 1999 च्या कारगिल युद्धातही असेच: ऑपरेशन विजय स्टार लढाईच्या क्षेत्रातल्यांना, ऑपरेशन विजय मेडल इतरत्र तैनात झालेल्यांना. "कारगिलच्या वेळी मी राजस्थान सीमेवर होतो, मला स्टार मिळाला नाही" ही तक्रार म्हणूनच टिकत नाही. मेडलची नोंद नसेल तर मात्र नक्की टिकते. चुकीचे पदक मागितले की नकार येतो, आणि खऱ्या हक्काच्या पदकाचा विचारही त्याच फाइलबरोबर बंद होतो.

नोंदी कुणाच्या राहतात

हे ओळखता आले की पुरावा कुठे शोधायचा तेही कळते. ईएमई (यंत्रदुरुस्ती), सिग्नल्स (संदेशवहन), एएससी (पुरवठा), वैद्यकीय दल यांतले लोक दुसऱ्या पलटणीशी संलग्न असतात. लढाईत ते इन्फन्ट्रीबरोबर असतात, पदकांची यादी त्यांच्या मूळ युनिटकडून जाते, आणि मूळ युनिटला वाटते की हा माणूस मागेच होता. तसेच मोहिमेच्या मध्यात बदली, कोर्स किंवा इस्पितळ नशिबी आलेले. दिवस मोजताना अशांचे तुकडे जोडले जात नाहीत. तिसरा गट म्हणजे जेसीओ झालेले. बढतीबरोबर जेसी नंबर मिळतो आणि जुन्या नंबरावरची नोंद मागे राहते. अर्जात दोन्ही नंबर, शेवटच्या अक्षरासह लिहा. कोअर बदलली असेल तर आधीच्या कोअरचा नंबरही.

नावाचे स्पेलिंग हा वेगळाच ताप. आपल्याकडचे 'ज्ञानदेव', 'यशवंत', 'पांडुरंग' रोमन लिपीत दहा प्रकारे लिहिले जातात, आडनाव कधी असते, कधी वडिलांचे नाव त्याच्या जागी बसलेले असते. आधार किंवा पॅनवरचे नाव इथे कामाचे नाही. शीट रोलमध्ये जसे आहे तसेच अक्षर न् अक्षर लिहा.

तिसरी पायरी: पुरावे जमवा

मोहिमेच्या काळात तुम्ही त्या जागी होता, हे दाखवायचे आहे. बदलीच्या आणि मूव्हमेंट ऑर्डर, जुने पे-बुक, रजेचा दाखला, जखमी झाला असाल तर इस्पितळाचे कागद, हे भक्कम पुरावे. त्याच कंपनीतल्या सोबत्याच्या डिस्चार्ज बुकात ते पदक असेल, तर त्या पानाची प्रत फार उपयोगी पडते. सोबत्याचे प्रतिज्ञापत्र जोडा, पण केवळ त्याच्यावर विसंबू नका. आंतरदेशीय पत्रांवरचा '56 एपीओ' किंवा '99 एपीओ' हा लष्करी टपालाचा पत्ता ढोबळमानाने पश्चिम-उत्तर की पूर्व एवढेच सांगतो, नेमकी चौकी सांगत नाही. रिबन लावलेला फोटो हा पुरावा धरला जात नाही.

इथे काळाची मर्यादा आहे. पेन्शन नसलेल्या सैनिकाची सेवा कागदपत्रे तो सेवेतून मुक्त झाल्यानंतर 25 वर्षे ठेवून नियमाप्रमाणे नष्ट केली जातात आणि मागे राहते ती लाँग रोल ही नोंदवही, जिच्यात मोजकाच तपशील असतो. पाच-सात वर्षे नोकरी करून परतलेल्यांनी म्हणून हे काम पुढे ढकलू नये. मुदत उलटून गेली असेल तर घरातला प्रत्येक जुना कागद मोलाचा. ट्रंकेतले "निरुपयोगी" कागद आवरताना फेकून दिले जातात, ते आधी वाचा.

चौथी पायरी: अर्ज योग्य ठिकाणी

अर्ज जातो तुमच्या रेजिमेंटच्या किंवा कोअरच्या रेकॉर्ड ऑफिसला. तुम्ही कुठल्या जिल्ह्यात राहता याचा संबंध नाही. मराठा लाइट इन्फन्ट्रीचे बेळगावला, महार रेजिमेंटचे मध्य प्रदेशातील सागरला, बॉम्बे सॅपर्सचे खडकीला, तोफखान्याचे नाशिक रोड कॅम्पला, आर्मर्ड कोअर आणि मेकॅनाइज्ड इन्फन्ट्रीचे अहिल्यानगरला (पूर्वीचे अहमदनगर), ब्रिगेड ऑफ द गार्ड्सचे कामठीला, सिग्नल्सचे जबलपूरला, ईएमईचे सिकंदराबादला. नौसैनिकांसाठी मानखुर्दचे ब्युरो ऑफ सेलर्स, हवाईदलासाठी दिल्लीतील सुब्रोतो पार्कचे रेकॉर्ड ऑफिस. भूदलातील अधिकाऱ्यांचे अभिलेख दिल्लीत सैन्य मुख्यालयात असतात.

अर्ज हिंदीत किंवा इंग्रजीत करा. लिहिणे जमत नसेल तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात लिहून मिळतो. त्यांच्या शिफारसपत्रासह पाठवलेला अर्ज सहसा हरवत नाही. एका पानात हे बसवा: नंबर, रँक, नाव, ट्रेड, पलटण, भरतीची आणि सेवामुक्तीची तारीख, पीपीओ (पेन्शन मंजुरीचा आदेश) क्रमांक. मग एकेका पदकासाठी एक ओळ, या धर्तीवर:

"दि. अमुकपासून दि. अमुकपर्यंत अमुक बटालियनच्या अमुक कंपनीत, अमुक ठिकाणी कार्यरत होतो. या काळासाठी अमुक पदक, अमुक क्लास्प देय आहे. पार्ट टू ऑर्डर निघाली असल्यास तिची प्रत द्यावी; निघाली नसल्यास पडताळणी करून ती काढावी आणि डिस्चार्ज बुकात नोंद करावी."

शेवटचे वाक्य गाळू नका. त्याने रेकॉर्ड ऑफिसला दोनच उत्तरे देता येतात, आणि दोन्ही तुमच्या उपयोगाची.

सोबत स्वतः साक्षांकित केलेल्या प्रती जोडा, स्पीड पोस्टने पाठवा, पावती जपा. मूळ डिस्चार्ज बुक पहिल्या अर्जासोबत पाठवू नये. दुरुस्तीसाठी ते लेखी मागवले गेले, तर कोऱ्या पानांसह प्रत्येक पानाची प्रत काढून मगच पाठवा.

सैनिक हयात नसेल तर अभिलेखात नाव असलेल्या वारसाने, म्हणजे बहुधा पत्नीने, अर्ज करायचा. मृत्यूचा दाखला आणि कुटुंब निवृत्तिवेतनाचा पीपीओ जोडा. पत्नीचेच नाव अभिलेखात चुकीचे असेल तर आधी ते दुरुस्त करून घ्या. पदकापेक्षा तिचे पेन्शन महत्त्वाचे, आणि अडतात दोन्ही त्याच एका नोंदीवर.

पाचवी पायरी: उत्तर आले नाही तर

दोन-तीन महिने वाट पाहून माहिती अधिकारात अर्ज टाका. केंद्रीय कार्यालयासाठी शुल्क 10 रुपये, उत्तराची मुदत 30 दिवस. "माझ्या अर्जाचे काय झाले" असे न विचारता कागद मागा: शीट रोलची प्रत, पदकांसंबंधीच्या पार्ट टू ऑर्डरच्या प्रती, आणि अमुक तारखेच्या अर्जावरील टिपणे. स्वतःच्या अभिलेखाची मागणी असल्याने खासगी माहिती म्हणून ती नाकारता येत नाही. उत्तर अपुरे वाटले तर 30 दिवसांत पहिले अपील, त्यानंतर 90 दिवसांत केंद्रीय माहिती आयोगाकडे दुसरे. पुष्कळदा शीट रोलची प्रत हातात आली की कोडे तिथेच सुटते.

स्पष्ट नकार आला आणि पुरावा भक्कम असेल, तर सशस्त्र सेना न्यायाधिकरणाचा मार्ग आहे. महाराष्ट्र, गोवा आणि गुजरातसाठी त्याचे खंडपीठ मुंबईला आहे. आधी लेखी अर्ज करून झालेला असला पाहिजे. अंतिम नकारापासून सहा महिन्यांत दाद मागायची. सहा महिने काहीच निर्णय आला नाही, तर त्यापुढच्या सहा महिन्यांत. पोस्टाच्या पावत्या इथे उपयोगी पडतात.

शौर्य पदकांचे वेगळे

वीर चक्र, शौर्य चक्र, सेना मेडल यांची घोषणा भारताच्या राजपत्रात होते. राजपत्रात नाव असेल तर ती प्रत जोडल्यावर वाद उरत नाही आणि विलंब करू नये, कारण मासिक भत्ता त्याला जोडलेला आहे: ऑगस्ट 2017 पासूनच्या दरांनुसार वीर चक्राला 7,000, शौर्य चक्राला 6,000 आणि शौर्यासाठीच्या सेना मेडलला 2,000 रुपये. सैनिकामागे तो पत्नीला मिळतो. राज्य शासनाचे अनुदान वेगळे. त्यासाठी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जावे.

राजपत्रात नाव नसेल, पण "साहेबांनी शिफारस केली होती" अशी आठवण असेल, तर मनावर दगड ठेवून एक गोष्ट मान्य करावी लागते. अभिलेख दुरुस्तीच्या अर्जाने न मिळालेले शौर्य पदक मिळत नाही. शिफारस आणि प्रदान यांमध्ये वरिष्ठांचा निर्णय असतो, आणि जुन्या युद्धांचे ते निर्णय पुन्हा उघडले जात नाहीत. या आशेवर पैसे मागणाऱ्यांपासून म्हाताऱ्या सैनिकांना आणि वीरपत्नींना सांभाळा.

नोंद झाल्यावर

पार्ट टू ऑर्डरचा क्रमांक आणि तारीख लिहून घ्या. डिस्चार्ज बुकात नोंदीखाली रेकॉर्ड ऑफिसची सही-शिक्का आहे ना, क्लास्पचे नाव बरोबर आहे ना, हे तिथल्या तिथे तपासा. भत्त्याचे पदक असेल तर पीपीओत सुधारणा होऊन ती 'स्पर्श' या संरक्षण पेन्शनच्या ऑनलाइन प्रणालीत दिसते का, ते पाहा. रेकॉर्ड ऑफिसने नोंद केली म्हणजे पेन्शनमध्ये आपोआप आली, असे होत नाही. धातूचे पदक यायला वेळ लागेल, त्याची मागणी नोंदवल्याचे लेखी घ्या. आणि सुधारलेले डिस्चार्ज बुक लॅमिनेट करू नका: त्यावर पुन्हा शिक्का मारता येत नाही.