बंद नळयोजना पुन्हा सुरू करण्याआधी

गावची नळयोजना बंद पडली की पहिली आठवण मोटारीची होते. वर्गणी काढून नवी मोटार बसते, आठवडाभर पाणी येतं आणि टाकीवर पुन्हा कावळे. म्हणून मोटारीच्या आधी दप्तर उघडा. वीजबिल किती महिन्यांचं तुंबलंय, पाणीपट्टी किती घरांनी भरली, जोडण्या कागदावर किती आणि गल्लीत किती, हे लिहून काढा. शेवटचे दोन आकडे सहसा जुळत नाहीत.

मग पाणी सोडणाऱ्याला गाठा. कुठला व्हॉल्व्ह कुणाच्या उकिरड्याखाली गाडला गेलाय, हे एकट्या त्यालाच ठाऊक असतं. त्याचा थकलेला पगार आधी चुकता करा, मगच त्याच्याबरोबर गाव फिरून नकाशा काढा.

विहिरीला पाणी आहे असं श्रावणात कोणीही सांगेल. मोजायचं मे महिन्यात. पंप चालवून पातळी किती उतरते आणि परत चढायला किती तास लागतात, ते दोर सोडून बघा. जलजीवन मिशनचा हिशोब माणशी रोज ५५ लिटरचा. म्हणजे दीड हजार वस्तीला ८२,५०० लिटर, आणि ताशी दहा हजार लिटर उपसणारा पंप सव्वाआठ तास चालायला हवा. गुरं यात धरलेली नाहीत. तेवढा वेळ वीज असते का, विहिरीला तेवढा दम आहे का? उद्भवापासून, म्हणजे योजनेच्या विहिरीपासून, ५०० मीटरच्या आत परवानगीशिवाय नवी विहीर किंवा बोअर घेता येत नाही, तेव्हा शेजारच्या शेतातही डोकावून या.

गळती शोधायला खोदकाम लागत नाही. आधी बिनतोटीच्या नळांना तोट्या बसवा. एका रात्री टाकी भरून सगळे व्हॉल्व्ह बंद ठेवा आणि सकाळी काठीने पातळी मोजा; उतरली तर टाकीच गळतेय. दुसऱ्या रात्री घरोघरचे नळ बंद करायला सांगून व्हॉल्व्ह उघडे ठेवा. चार मीटर व्यासाच्या टाकीत पंधरा सेंटीमीटर उतार म्हणजे जवळजवळ १,९०० लिटर पाणी जमिनीत मुरलं. नंतर एकेक गल्ली बंद करून चोर पकडा.

टाकी घासून धुवा, पाइपातलं गढूळ पाणी वाहू द्या. पाणी शुद्ध करायच्या टीसीएलचं, म्हणजे ब्लीचिंग पावडरचं, पोतं उघडं ठेवलं की त्यातला क्लोरीन उडतो, म्हणून ते झाकून, कोरड्या जागी ठेवा. पाण्यात क्लोरीन उरलाय का ते सांगणारी ओटी चाचणी टाकीखाली नको, शेवटच्या घराच्या नळावर करा. तिथं पाणी पिवळसर झालं पाहिजे. नमुना प्रयोगशाळेतही पाठवा, कारण नायट्रेट आणि फ्लोराइड टीसीएलने जात नाहीत.

पाणी समितीत निम्म्या बायका हव्यात, हा नियम सह्यांपुरता ठेवू नका. पाणी किती वाजता सोडायचं ते त्यांना ठरवू द्या. वीज, पगार, टीसीएल आणि दुरुस्तीची शिल्लक धरून ग्रामसभेत दर ठरवा, आणि त्याच ठरावात थकबाकीदाराची जोडणी तोडायची मुदत लिहा. पहिली नोटीस समितीतल्याच थकबाकीदाराला जाऊ द्या.