पद्मिनी उन्हात बंद पडली तर ओला फडका

मे महिन्यात घाट चढताना किंवा सिग्नलच्या रांगेत जुनी प्रीमियर पद्मिनी गाडी गचके देत बंद पडते आणि सेल्फ मारूनही चालू होत नाही. बहुतेक वेळा इंजिनाला पेट्रोल पुरवणाऱ्या पंपात, पाइपात पेट्रोलची वाफ अडकलेली असते. सेल्फ मारत राहू नका, बॅटरी उतरेल.

१. गाडी सावलीत ढकला, बॉनेट उघडा.
२. सुती फडका भिजवून, पिळून त्या पंपावर आणि तिथून कार्बोरेटरकडे (पेट्रोल-हवा मिसळणारा भाग) जाणाऱ्या पाइपवर गुंडाळा.
३. १०-१५ मिनिटं थांबा. फडका सुकला तर पुन्हा भिजवा. मग चोक (थंड इंजिन चालू करायची खुंटी) न ओढता सेल्फ मारा.

फडका डिस्ट्रिब्युटर (प्लगना वीज वाटणारा भाग) किंवा पंख्याजवळ लोंबू देऊ नका. पेट्रोल गळताना दिसलं तर मात्र सेल्फला हातच लावू नका, मेकॅनिकला बोलवा.

डिकीत पाण्याची बाटली आणि जुन्या धोतराचा तुकडा कायम असू द्या.