देवाचं पाचारण पारखायचं कसं

प्रभू आपल्याला एखाद्या सेवेसाठी बोलावतो आहे असं वाटू लागलं, तर राजीनामा लिहिण्याआधी एक वही काढा. येशूच्या एका हाकेवर मत्तय जकातीच्या नाक्यावरून उठला आणि चालू लागला, तशी शंकेला जागाच न ठेवणारी हाक क्वचित कुणाला येते. बाकीच्यांना पारख करावी लागते आणि तिला निदान सहा आठवडे द्यावेत.

वहीच्या पहिल्या पानावर प्रश्न लिहा. ‘देवाची माझ्यासाठी काय योजना आहे?’ हा प्रश्न फार पसरट आहे, त्याची पारख होत नाही. ‘येत्या जूनपासून नोकरी सोडून बायबल कॉलेजात जाऊ का?’ याची होते. दोन्ही पर्याय देवासमोर चांगले असतील तरच प्रश्न विचारण्यात अर्थ आहे. आधीच दिलेलं वचन, उदाहरणार्थ लग्नाचं, इथे पणाला लावायचं नाही. आणि सेवा म्हणजे व्यासपीठच, असंही धरून चालू नका. बायबलमधल्या निर्गम या पुस्तकाच्या ३१व्या अध्यायात देव ज्याला नाव घेऊन बोलावतो तो बसालेल सोनं-चांदी, रत्नं आणि लाकूड घडवणारा कारागीर होता.

पुढचं काम रोज रात्री १५ मिनिटांचं. ही पद्धत येशूसंघ (जेझुइट) हा कॅथलिक संघ स्थापन करणाऱ्या लोयोलाच्या संत इग्नेशियसची. १५२१ साली पाम्प्लोनाच्या लढाईत तोफगोळ्याने पाय जायबंदी होऊन तो अंथरुणाला खिळला. पराक्रमाची स्वप्नं रंगवताना मजा येई, पण नंतर मन कोरडं पडे. संतांसारखं जगण्याच्या विचारानंतर मात्र आनंद टिकून राही, हे तिथे त्याच्या लक्षात आलं. म्हणून आधी दिवसाबद्दल आभार माना, प्रकाश मागा, दिवस तासातासाने डोळ्यांपुढून न्या, चुकलं त्याची क्षमा मागा, उद्याचा निश्चय करा. मग वहीत दोनच ओळी: त्या सेवेचा विचार आला तेव्हा मन कसं होतं, आणि तासाभराने कसं होतं. दुसरी ओळ जास्त महत्त्वाची. सभेत अंगावर आलेले शहारे पहिल्या ओळीत जातात.

चौथ्या आठवड्यात एका पानावर चार रकाने पाडा: गेलो तर लाभ, गेलो तर धोके, न गेलो तर लाभ, न गेलो तर धोके. पहिले दोन भरून लोक थांबतात आणि ‘न जाण्याचे लाभ’ कोरे ठेवतात. तो रकाना कोरा असेल तर निर्णय आधीच झालेला आहे, पारख नावापुरती चालली आहे. रकाने भरूनही कौल लागत नसेल, तर कधी न भेटलेला माणूस हाच प्रश्न घेऊन आला तर त्याला काय सांगाल, ते लिहा. मग मरणशय्येवरून मागे पाहताना काय निवडलेलं असावं असं वाटेल, आणि न्यायाच्या दिवशी काय वाटेल, तेही.

एक नियम मोडू नका: मन कोरडं, उदास असताना आधी केलेला निर्णय बदलायचा नाही. तो कोरडेपणा प्रार्थनेतल्या हयगयीने येतो, परीक्षा म्हणून येतो, किंवा समाधान ही आपली कमाई नसून देणगी आहे हे कळावं म्हणून येतो. कारण आधी शोधा.

घोटाळे बहुतेक ठरलेले असतात. डोळे मिटून बायबल उघडायचं आणि बोट पडेल ते वचन आपलं मानायचं, ही चिठ्ठी टाकणं झालं. गिदोनाने रात्री लोकर ठेवून दहिवराची खूण देवाकडे मागितली, तो दाखला पुढे करणारे विसरतात, की त्याला आज्ञा आधीच स्पष्ट मिळाली होती. लोकर त्याच्या धास्तीसाठी होती. नोकरी गेली, परीक्षा हुकली, लग्न मोडलं की लगेच ‘पाचारण’ ऐकू येतं, तेव्हा मुदत दुप्पट करा. आईने लहानपणी नवस केला होता, हे कारणही पुरेसं नाही. शमुवेलाच्या आईने, हन्नाने, नवस केला होता, तरी त्याला स्वतःला हाक आली. आणि तीही देवाची आहे हे याजक एलीने सांगेपर्यंत त्याला कळलं नाही.

म्हणून वही घेऊन पाळकसाहेबांकडे किंवा फादरांकडे जा; शक्यतो तुमच्या ‘हो’मुळे ज्यांचा फायदा-तोटा होत नाही अशा माणसाकडे. ‘प्रभूने मला सांगितलं’ असं म्हणून सुरुवात केलीत, तर समोरच्याला बोलायला काही उरत नाही. अंत्युखियात बर्णबा आणि शौल (म्हणजेच पौल) यांना सेवेसाठी वेगळं करण्याचं सांगणं उपास करत असलेल्या मंडळीत, म्हणजे चर्चच्या समुदायात, झालं. ‘इकडे येऊन आम्हाला मदत कर’ असं विनवणाऱ्या मासेदोनियाच्या माणसाचा दृष्टान्त पौलाला झाला, पण त्याचा अर्थ सोबत्यांसह ‘आम्ही’ काढला, असं प्रेषितांची कृत्ये १६:१० मध्ये आहे.

निर्णय झाला की तो प्रार्थनेत देवापुढे ठेवा आणि काही दिवस थांबा. दरम्यान नोकरी सांभाळून तेच काम लहान प्रमाणात करा: संडेस्कूलचा एक वर्ग, दवाखान्यातल्या भेटी. सेमिनरीत गेलात तरी पारख संपत नाही. कॅथलिक धर्मगुरूला तत्त्वज्ञान आणि ईश्वरविज्ञानाची किमान ६ वर्षं लागतात, येशूसंघात नवशिक्यांची पहिली २ वर्षं वेगळीच.

मंडळीने ‘थांबा’ म्हटलं, तर कारण विचारा. मंडळीच्या सेवकांची पात्रता सांगणारा बायबलमधला १ तीमथ्य ३ हा अध्याय शेजारी ठेवून ऐका. नवेपणा हे कारण असेल, तर वर्षभराने परत जा. घर, पैसा किंवा बाहेरच्या लोकांत असलेलं नाव हे कारण असेल, तर आधी ते दुरुस्त करा. कारणच मिळालं नाही, तर तीच वही दुसऱ्या अनुभवी पाळकांना दाखवा.